फिलिपिन्सचे हास्यसम्राट डॉल्फी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉल्फी कोण होते?

फिलिपिन्समधले सर्वांत लाडके विनोदी अभिनेते. रंगमंच, रेडिओ, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या चारही ठिकाणी त्यांनी सहा दशकांहून जास्त काळ काम केलं. दोनशेहून अधिक चित्रपट केले. त्यांच्या दोन मालिका मिळून जवळजवळ तीस वर्षं तिथल्या घराघरांत पाहिल्या गेल्या. देशाने त्यांना ‘कॉमेडी किंग’ म्हटलं, आणि ही पदवी कुठल्या जाहिरातवाल्याने चिकटवलेली नव्हती. २०१२ मध्ये ते गेले तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी त्यांच्या स्मरणासाठी राष्ट्रीय दिवस जाहीर केला.

मनिला म्हटलं की मराठी वाचकाला आधी मॅगसेसे पुरस्कार आठवतो. विनोबा भावे, बाबा आमटे, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे ही नावं त्या शहराशी आपल्या मनात जोडलेली आहेत. त्या शहरातल्या गरीब वस्तीची माणसं संध्याकाळी कुणाला बघून हसायची, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी लिहिलेलं नाही. म्हणून हे पान.

त्यांचं खरं नाव काय? जन्म कुठला?

रोदोल्फो व्हेरा किझोन. जन्म २५ जुलै १९२८, मनिलातल्या तोंदो भागात. तोंदो म्हणजे बंदराला लागून असलेली दाटीवाटीची कष्टकऱ्यांची वस्ती. वडील जहाजांवर मेकॅनिक, आई शिवणकाम करायची. दहा भावंडं, त्यांत डॉल्फी दुसरे.

घरात खाणारी तोंडं इतकी, की पोरगा लहान वयातच कामाला लागला. चित्रपटगृहांत शेंगदाणे आणि कलिंगडाच्या बिया विकायच्या आणि विकता विकता फुकटात चित्रपट बघायचा, हा त्याचा नेम. त्याखेरीज बूटपॉलिश केलं, कारखान्यात बटणं लावली, बाटल्या निवडल्या, धक्क्यावर हमाली केली, घोडागाडीही हाकली. पुढे पडद्यावर त्यांनी असंख्य किरकोळ धंदे करणारी माणसं रंगवली. त्या माणसांची उभं राहण्याची, हात पुसण्याची, मालकासमोर बोलण्याची ढब त्यांना कुणी शिकवावी लागली नाही.

रंगमंचावर ते कसे आले?

याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे.

फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता आणि मनिलातली चित्रपटगृहं हॉलिवूडच्या चित्रपटांवर चालायची. १९४२ च्या सुरुवातीला जपानी सैन्याने मनिला घेतलं आणि अमेरिकी चित्रपट बंद झाले. स्थानिक निर्मितीही जवळजवळ थांबली. रिकामी पडलेली चित्रपटगृहं मग नाचगाणी, जादूचे प्रयोग आणि विनोदी प्रवेश यांनी भरली. या मिश्र खेळाला तिथे ‘बोदाबिल’ म्हणतात. तो प्रकार अमेरिकेतून आलेला आणि युद्धाआधीपासून तिथे रुळलेला होता, पण युद्धकाळात तोच करमणुकीचा मुख्य आधार झाला.

तोंदोतलं हे पोर लाइफ आणि अ‍ॅव्हेन्यू या थिएटरांत जाऊन हे खेळ डोळ्यांत साठवत होतं. त्याचे आवडते कलाकार म्हणजे बेनी मॅक आणि बायानी कासिमिरो हे नर्तक, आणि पुगो-तोगो ही विनोदी जोडी. या जोडीचा एक किस्सा फिलिपिन्समध्ये अजून सांगितला जातो. जपानी सैनिक रस्त्यात लोकांची घड्याळं काढून घेत. पुगो-तोगो जपानी सैनिकांच्या वेषात रंगमंचावर आले आणि बाह्या वर केल्या तर हातभर घड्याळं! प्रेक्षक हसून लोटपोट झाले, आणि दोघांना तुरुंगाची हवा खावी लागली. विनोदाची किंमत काय असते, हे त्या पिढीच्या कलाकारांनी असं जवळून पाहिलं होतं.

विशी गाठण्याआधीच डॉल्फींना बेनी मॅक यांच्यामुळे अ‍ॅव्हेन्यू थिएटरमध्ये समूहनृत्यात जागा मिळाली. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की प्रेक्षक आणि कलाकार एकत्रच आसऱ्याला पळायचे. बाँब पडले नाहीत तर सगळे परत यायचे आणि खेळ जिथे थांबला तिथून पुढे सुरू व्हायचा. रंगमंचावर त्यांचं पहिलं नाव ‘गोलाय’ होतं. ‘डॉल्फी’ नंतर आलं.

या काळाबद्दल मी इतकं सविस्तर लिहितोय, कारण त्यांच्या अभिनयाचं सगळं व्याकरण इथलं आहे. ते आधी नर्तक होते. म्हणून चित्रपटात नुसते दारातून आत आले तरी पावलांत ताल असतो. पडण्याची वेळ, वळण्याची वेळ, समोरच्याचं वाक्य संपल्यावर किती क्षण थांबायचं याचा अंदाज, हे सगळं त्यांनी थेट प्रेक्षकांसमोर, युद्धाच्या धास्तीत घोटून घेतलेलं आहे.

चित्रपटात पहिली संधी कुणी दिली?

फर्नांदो पो यांनी, म्हणजे थोरल्या पो यांनी. पुढे त्याच नावाचा त्यांचा मुलगा फिलिपिन्सचा सर्वांत मोठा मारधाडपटांचा नायक झाला. वडील अभिनेते आणि दिग्दर्शक होते. युद्धानंतर लगेच, १९४६ मध्ये, त्यांनी ‘दुगो आत बायान’ हा युद्धपट काढला आणि त्यात डॉल्फींना छोटी भूमिका दिली.

पण नाव व्हायला आणखी काही वर्षं जावी लागली. मधल्या काळात रंगमंच होता आणि रेडिओ होता. रेडिओमुळे त्यांची पांचो मागालोना आणि तिता दुरान या गाजलेल्या नायक-नायिकेच्या जोडीशी गाठ पडली. मागालोनांनी त्यांना सामपागिता पिक्चर्समध्ये नेलं. सामपागिता हा त्या काळच्या बड्या स्टुडिओंपैकी एक. कलाकारांना करारावर बांधून घेणारा, वर्षाला ढीगभर चित्रपट काढणारा. १९५३ मध्ये डॉल्फी तिथे दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी ‘जॅक एन जिल’ आला.

त्यात लोलिता रॉद्रिगेझ पुरुषी वळणाच्या मुलीच्या भूमिकेत होत्या आणि डॉल्फी तिच्या बायकी वळणाच्या भावाच्या. चित्रपट एका लोकप्रिय चित्रकथेवर आधारलेला होता. नायक रोहेलियो दे ला रोसा मोठा तारा, पण लोक बाहेर पडले ते डॉल्फींच्या नकला करत.

पांचितो कोण?

डॉल्फींच्या अर्ध्या विनोदाचे वाटेकरी. उंचेपुरे, भल्यामोठ्या नाकाचे, दमदार आवाजाचे पांचितो आल्बा. बोदाबिलच्या दिवसांपासून दोघे एकत्र. दोघांचा ठरलेला एक खेळ होता. एकाने लोकप्रिय इंग्रजी गाणं अगदी भाव ओतून म्हणायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक ओळीचं टागालोग या तिथल्या भाषेत शब्दशः भाषांतर करत जायचं. प्रेमगीताचा पार चुथडा होईपर्यंत हे चालायचं. एवढ्या भांडवलावर ते थिएटर हलवून सोडत.

पांचितोंच्या नाकावर डॉल्फींनी वर्षानुवर्षं विनोद केले. आज ते ऐकताना थोडं अवघडायला होतं. तरी त्या प्रवेशांत पांचितो कधी बिचारे वाटत नाहीत. ते जितके चिडतात तितका प्रवेश रंगतो, आणि कुठे चिडायचं ते त्यांनाच ठाऊक असतं. १९९५ मध्ये पांचितो गेले.

जेम्स बाँडची नक्कल करणारे ते हेच का?

हेच. साठच्या दशकात बाँडपटांची लाट आली आणि डॉल्फींनी ‘डॉल्पिंगर’, ‘डॉक्टर येस’ अशा चित्रपटांची रांग लावली. १९६६ च्या ‘जेम्स बॅटमॅन’मध्ये तर बाँड आणि बॅटमॅन दोन्ही तेच आहेत! हक्क, परवानगी असल्या गोष्टींची तेव्हा तिथे कुणी फिकीर करत नसे.

हे चित्रपट घाईत काढलेले आहेत आणि ते दिसतं. पण ते का चालले, हे समजून घेण्यासारखं आहे. जवळजवळ अर्धशतक अमेरिकेच्या अमलाखाली राहिलेल्या देशात पडद्यावरचा गोरा, उंच, कधीही न चुकणारा नायक हा एक मापदंड होऊन बसला होता. तोच सूट घालून एक काटकुळा, लांब चेहऱ्याचा तोंदोचा माणूस येतो आणि धडपडत, घाबरत, नाचत का होईना, जगाला वाचवतो. लोकांना त्यात केवढा दिलासा वाटला असेल.

याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आर.व्ही.क्यू. प्रॉडक्शन्स ही निर्मितीसंस्था काढली.

‘जॉन एन मार्शा’ एवढी गाजली ती कशामुळे?

या प्रश्नाला लांब उत्तर दिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण माझ्या मते डॉल्फींचं खरं मोठेपण या मालिकेत आहे.

आधी पार्श्वभूमी. साठच्या दशकात डॉल्फी आणि पांचितो यांची ‘बुहाय आर्तिस्ता’ ही मालिका ए.बी.एस.-सी.बी.एन. वाहिनीवर लोकप्रिय होती. सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्दिनांद मार्कोस यांनी मार्शल लॉ पुकारला, ही वाहिनी बंद पाडली आणि मालिकाही तिच्याबरोबर संपली. मोजक्या वाहिन्यांना पुढे प्रक्षेपणाची मुभा मिळाली. त्यांपैकी आर.पी.एन. ९ वर १९७३ मध्ये ‘जॉन एन मार्शा’ सुरू झाली. कल्पना, लेखन आणि दिग्दर्शन आदिंग फर्नांदो यांचं. ती १९९० पर्यंत चालली. म्हणजे मार्शल लॉ आला, गेला, मार्कोस पळून गेले, नवी राज्यघटना आली, आणि मालिकेतलं पुरुंतोंग कुटुंब त्याच झोपडीत राहिलं.

कथा साधी. मार्शा श्रीमंत घरची मुलगी, जॉन पुरुंतोंग कफल्लक. प्रेमविवाह. मार्शाची आई दोन्या देलिला पैशांच्या राशीवर बसलेली आणि जावयाला पाण्यात पाहणारी. ती दर भागात झोपडीत येऊन जावयाचा उद्धार करणार, कष्ट कर म्हणून बजावणार आणि निघून जाणार. तिचं ‘काया इकाव, जॉन, माग्सुमिकाप का!’ (म्हणून जॉन, तू जरा कष्ट कर!) हे वाक्य फिलिपिन्समध्ये आजही घरोघरी कुणाला तरी ऐकवलं जातं. जॉन म्हणजे डॉल्फी, मार्शा म्हणजे निदा ब्लांका, सासू देली अताय-अतायान, सासूची किनऱ्या आवाजाची मोलकरीण मातुतिना. मुलीच्या भूमिकेत मारिसेल सोरियानो, जी पुढे स्वतः मोठी अभिनेत्री झाली, आणि मुलाच्या भूमिकेत डॉल्फींचा खरा मुलगा रोली.

आता माझं म्हणणं. गरीब जावई आणि श्रीमंत सासू ही जोडी जगात कुठल्याही प्रहसनात सापडेल. बहुतेक ठिकाणी शेवटी जावयाला घबाड मिळतं, किंवा सासूची फजिती होते. इथे जॉन सासूचे पैसे घेत नाही. रागाने नाही, तत्त्वाचं भाषण देऊनही नाही. त्याच्या चेहऱ्यावर एक ओशाळलेलं हसू येतं आणि तो बायकोकडे बघतो, एवढंच. निदा ब्लांका त्या नजरेला जे उत्तर देतात ते बघण्यासारखं असतं. तिला झोपडीत राहण्याचा त्रास होतो, ती वैतागते, जॉनला बोलते, पण आईच्या बाजूला जात नाही. पडद्यावरचं इतकं खात्रीचं लग्न मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय. टागालोगचा एक शब्द कळत नसला तरी ते कळतं.

निदा ब्लांका उत्तम नर्तकी होत्या, त्यामुळे दोघांचं वेळेचं भान एकसारखं होतं. एकाने वाक्य टाकावं आणि दुसऱ्याने ते जमिनीवर पडायच्या आत झेलावं, असं त्यांचं चालायचं.

पुरुंतोंग ही चड्डी आहे की आडनाव?

दोन्ही. जॉन पुरुंतोंग मालिकेत गुडघ्यापर्यंत येणारी ढगळ अर्धी चड्डी घालायचा. फिलिपिन्समध्ये त्या प्रकारच्या चड्डीला त्याच्या आडनावावरून ‘पुरुंतोंग’ म्हणायला लागले, ते आजतागायत.

‘होम अलाँग दा रिलेस’ म्हणजे तीच मालिका नव्या नावाने का?

नाही, पण सख्खं भावंड म्हणता येईल. ए.बी.एस.-सी.बी.एन. १९८६ च्या जनक्रांतीनंतर पुन्हा सुरू झाली होती. तिथे डिसेंबर १९९२ मध्ये ही मालिका आली आणि २००३ पर्यंत चालली. या वेळी डॉल्फी केव्हिन कॉस्मे नावाचे विधुर बाप आहेत. घर रेल्वे रुळांच्या अगदी कडेला, मुलं पुष्कळ, पैसा तुटपुंजा. शेजारीण आसोन त्यांच्यावर जीव टाकते. ही भूमिका नोव्हा व्हिया यांनी केली. क्लॉडीन बारेत्तो आणि डॉल्फींचा मुलगा व्हँडॉल्फ हे मुलांपैकी.

मालिकेचा ठरलेला विनोद असा : गाडी येते, सगळं घर हादरायला लागतं, आणि बोलणं न थांबवता प्रत्येकजण आपापल्या जवळची वस्तू धरून ठेवतो. कप, फोटो, कपाट. गाडी जाते, हात सुटतात, संभाषण पुढे चालू. मनिलात रुळांच्या कडेने अशा वस्त्या खरोखरच होत्या. मुंबईत लोकलच्या खिडकीतून ज्यांनी रुळांलगतची घरं पाहिली आहेत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

‘जॉन एन मार्शा’तली धार इथे कमी आहे. डॉल्फी पासष्टीकडे झुकलेले, त्यामुळे धावपळ मुलांकडे गेली आणि त्यांच्याकडे राहिलं ते प्रसंगाच्या शेवटी मुलाशेजारी बसून चार शब्द बोलणं. काही भागांत ते उपदेशाकडे झुकतं. पण फिलिपिन्समधल्या एका पूर्ण पिढीला डॉल्फी आठवतात ते याच रूपात, बाप म्हणून.

समलिंगी पात्रं त्यांनी इतकी का केली? त्यांची थट्टाच केली ना?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर एका शब्दात देता येत नाही.

‘जॅक एन जिल’पासून स्टुडिओला कळलं होतं की डॉल्फी बायकी ढंगात उभे राहिले की प्रेक्षक खूश होतात. १९६९ चा ‘फासिफिका फालायफाय’ हा त्या वाटेवरचा सर्वांत गाजलेला चित्रपट. मुलगी हवी असलेली आई मुलाला मुलीसारखं वाढवते आणि कथा शेवटी त्याला पुरुषपणाकडे आणून सोडते. आज हे बघताना खटकतं, खटकायलाच हवं. समलिंगी असणं म्हणजे वाढीतली चूक आणि ती दुरुस्त होते, असा समज त्या चित्रपटाने पसरवला. लाडक्या कलाकाराने केलं म्हणून त्याची सफाई देण्यात अर्थ नाही.

पण हाच माणूस १९७८ मध्ये ‘आंग ताताय काँग नानाय’ करतो. दिग्दर्शक लिनो ब्रोका, म्हणजे मनिलाच्या झोपडपट्ट्या आणि हुकूमशाहीखालचं जगणं थेट पडद्यावर आणणारे, कान महोत्सवापर्यंत पोचलेले दिग्दर्शक. यात डॉल्फी कोरिंग नावाच्या समलिंगी माणसाच्या भूमिकेत आहेत. त्याचा पूर्वीचा प्रियकर आपलं तान्हं मूल त्याच्या पदरात टाकून निघून जातो. कोरिंग ते मूल वाढवतो. बाळाच्या भल्यासाठी आपण पुरुषासारखं वागलं पाहिजे असं त्याला वाटतं, म्हणून तो स्वतःचं हसणं, चालणं, मित्र, नटणं, सगळं आवरून धरतो. आणि मग एक दिवस जन्मदाती आई मुलाला न्यायला येते. मुलाच्या भूमिकेतल्या निन्यो मुलाखबरोबरचे डॉल्फींचे प्रसंग बघताना आधीच्या पंचवीस वर्षांतले सगळे बायकी ढंग वेगळेच दिसू लागतात. जे हातवारे पूर्वी हशा मिळवायचे तेच इथे कोरिंग लपवू पाहतो, आणि ते लपत नाहीत.

ब्रोका स्वतः समलिंगी होते. त्यांनी गंभीर अभिनेता न घेता डॉल्फींना घेतलं, यातच त्यांची नजर दिसते. प्रेक्षक हसायच्या तयारीने येणार हे त्यांना माहीत होतं.

‘मार्कोव्हा’ काय आहे?

२००० साली आलेला ‘मार्कोव्हा : कम्फर्ट गे’ हा गिल पोर्तेस यांचा चित्रपट. वॉल्टर डेम्पस्टर ऊर्फ मार्कोव्हा या खऱ्या माणसाच्या आयुष्यावर बेतलेला. स्त्रीवेषात रंगमंचावर काम करणाऱ्या मार्कोव्हा आणि तिच्या मैत्रिणींवर जपानी सैनिकांनी युद्धकाळात लैंगिक अत्याचार केले. जपानी सैन्याने गुलाम केलेल्या स्त्रियांच्या कहाण्या नव्वदच्या दशकात फिलिपिन्समध्ये उघडपणे सांगितल्या जाऊ लागल्या, तेव्हा मार्कोव्हाही पुढे आली.

वेगवेगळ्या वयातला मार्कोव्हा तिघांनी केला आहे : डॉल्फी आणि त्यांचे दोन मुलगे, एरिक आणि एपी किझोन. ब्रुसेल्सच्या महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक तिघांना मिळून देण्यात आलं. म्हातारा मार्कोव्हा आपली हकिगत सांगतो, त्या प्रसंगांत डॉल्फी जवळजवळ काहीच करत नाहीत. बहात्तरीच्या उंबरठ्यावर असलेला नर्तक स्थिर बसून बोलतो. जो काळ तो सांगतोय त्याच काळात, त्याच शहरात, डॉल्फी स्वतः समूहनृत्यात नाचत होते.

त्यांनी निवडणूक का लढवली नाही?

फिलिपिन्समध्ये नट राजकारणात जाणं ही नवलाची गोष्ट नाही. त्यांचे मित्र जोसेफ एस्त्रादा चित्रपटांतून नगराध्यक्ष, मग सिनेटर आणि १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. फर्नांदो पो यांचा मुलगा २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. विनोदी कलाकार आणि मारधाडपटांचे नायक सिनेटमध्ये गेले. डॉल्फी उभे राहिले असते तर मतं कमी पडली नसती. पक्षांनी विचारणाही केली.

त्यांचं उत्तर तिथे म्हणीसारखं झालंय : उभं राहणं सोपं आहे हो, पण निवडून आलो तर काय करायचं?

लोक हे विनोद म्हणून सांगतात. मला ते त्यांनी केलेलं सर्वांत गंभीर विधान वाटतं. जे काम येत नाही ते लोकप्रियतेच्या जोरावर मागू नये, इतकी साधी गोष्ट त्यात आहे. इतरांच्या प्रचाराला ते गेले. स्वतःसाठी मात्र मत मागितलं नाही.

त्यांचं लग्न झालं होतं का?

नाही, कधीच नाही. आणि मुलं अठरा, त्यांतली एक दत्तक. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या सहचारिणी होत्या. अभिनेत्री अल्मा मोरेनो यांचा मुलगा व्हँडॉल्फ. १९८९ पासून शेवटपर्यंतची साथ गायिका झाझा पादिल्या यांची. मुलांची जबाबदारी त्यांनी घेतली आणि मुलांनी किझोन हे आडनाव अभिमानाने लावलं. कॅथलिक देशात, जिथे घटस्फोटाचा कायदाच नाही, तिथे हे सगळं उघड होतं आणि लोकांनी ते स्वीकारलं. त्या स्त्रियांच्या वाट्याला काय आलं असेल हा प्रश्न मात्र डॉल्फींच्या गुणगौरवात नेहमी मागे पडतो, हेही नोंदवलं पाहिजे.

एरिक, एपी, व्हँडॉल्फ, रोली ही मुलं अभिनयात आली. नातू बॉय टू किझोन हाही ‘होम अलाँग’मधूनच पुढे आला.

त्यांना ‘राष्ट्रीय कलाकार’ किताब का मिळाला नाही?

डॉल्फींबद्दलचा सर्वांत तापलेला प्रश्न हाच.

‘राष्ट्रीय कलाकार’ हा फिलिपिन्सचा कलेतला सर्वोच्च सन्मान, १९७२ पासूनचा. दोन सांस्कृतिक संस्था मिळून नावं निवडतात आणि राष्ट्राध्यक्ष तो प्रदान करतात. २००९ च्या निवडीत डॉल्फींचं नाव विचारात होतं, पण पुढे गेलं नाही. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया अरोयो यांनी निवड समितीला डावलून आपल्या पसंतीची काही नावं घुसवली. कलाकार रस्त्यावर उतरले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने प्रदान रोखलं. त्या वादग्रस्त नेमणुका २०१३ मध्ये रद्द झाल्या.

२०१२ मध्ये डॉल्फी अत्यवस्थ झाले तेव्हा त्यांना हा सन्मान जिवंतपणी द्या अशी मोठी हाक उठली. राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो यांचं म्हणणं, प्रक्रिया मोडता येणार नाही. तेव्हाच चित्रपट-समीक्षक निकानोर तिओंगसोन यांनी उघडपणे सांगितलं की २००९ मध्ये आपण या नावाला विरोध केला होता. कारण असं, की डॉल्फींनी दोन प्रतिमा रुजवल्या : फासिफिका हा चेष्टेचा समलिंगी, आणि जॉन पुरुंतोंग हा आळशी तरी लोभस गरीब.

पहिल्या मुद्द्यावर मी तिओंगसोन यांच्याशी सहमत आहे, फक्त कोरिंग आणि मार्कोव्हा यांनाही त्याच तराजूत टाकायला हवं होतं. दुसरा मुद्दा मला पटत नाही. जॉन आळशी आहे असं कोण म्हणतं? दोन्या देलिला म्हणते. सतरा वर्षं ती तेच म्हणत राहिली. तो कामं शोधतो, करतो, गमावतो, पुन्हा शोधतो. मार्कोस यांच्या राजवटीत लाखो फिलिपिनो हेच करत होते, नाहीतर परदेशी कामाला जात होते. गरिबाला आळशी ठरवणारा आवाज त्या मालिकेत श्रीमंत सासूचा आहे, आणि हसू तिच्यावर येतं.

फर्नांदो पो यांच्या मुलाला हा सन्मान २००६ मध्ये जाहीर झाला होता; डॉल्फी गेल्यानंतर काही दिवसांतच अकिनो यांनी तो पक्का केला. २०२२ च्या यादीत अभिनेत्री नोरा औनोर होत्या, डॉल्फी नव्हते. विनोद करणाऱ्याला शोकांतिका करणाऱ्याच्या एक पायरी खाली बसवण्याची सवय केवळ फिलिपिन्सची नाही.

सन्मान अजिबात मिळाले नाहीत असं मात्र नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये मालाकान्यांग या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यात अकिनो यांनी त्यांना ‘ऑर्डर ऑफ द गोल्डन हार्ट’ची सर्वोच्च श्रेणी दिली. त्याच वर्षीच्या मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात, ८२ व्या वर्षी, ते सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता असे दोन्ही ठरले, दोन वेगळ्या चित्रपटांसाठी.

त्यांचं निधन कधी झालं?

१० जुलै २०१२ रोजी, माकाती मेडिकल सेंटरमध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी. फुप्फुसाचा जुना आजार, तीव्र न्यूमोनिया, मूत्रपिंडं निकामी होणं आणि शेवटी एकेक अवयव थांबत जाणं. महिनाभर ते रुग्णालयात होते. १३ जुलै हा त्यांच्यासाठी राष्ट्रीय स्मरणदिन पाळला गेला. १५ तारखेला तागिग इथल्या हेरिटेज पार्कमध्ये दफन झालं. ए.बी.एस.-सी.बी.एन.ने आपल्या एका स्टुडिओला ‘डॉल्फी थिएटर’ हे नाव दिलं.

भाषा येत नसेल तर सुरुवात कुठून करावी?

‘आंग ताताय काँग नानाय’पासून. कथा चेहऱ्यांवरून कळते आणि उपशीर्षकं मिळाली तर उत्तमच. त्यानंतर ‘मार्कोव्हा’. मालिकांचे तुकडे इंटरनेटवर सापडतात. ‘होम अलाँग’मधला गाडी जाण्याचा प्रसंग शोधून बघा. ‘जॉन एन मार्शा’ बघायची तर सासू घरात आली की तिच्याकडे लक्ष न देता जॉन आणि मार्शा एकमेकांकडे कसे बघतात ते पाहा. बाँडच्या नकला शेवटी ठेवा, किंवा लहान मुलं बरोबर असतील तर सर्वांत आधी. तुलनेसाठी पांचितोंबरोबरचं एखादं भाषांतराचं गाणं मिळालं तर तेही ऐका, निदान इंग्रजी ओळी तरी कळतील.